जुनी बस शोभेसाठी नको, पुराव्यासाठी ठेवा

१५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची नेहमीच्या रूटवरची शेवटची जुनी डबल डेकर अंधेरीत ४१५ नंबरवर धावली. लोकांनी हार घातले, केक कापले, फोटो काढले, आणि त्या सुमारास जो वाद सुरू झाला तो अजून अधूनमधून उकरला जातो. एका बाजूला "मुंबईची शान होती हो, म्युझियममध्ये ठेवा" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "आधी स्टॉपवर वेळेत बस येत नाही ते बघा, भंगार कसलं जपताय" म्हणणारे. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय, कारण नीट ऐकलं तर दोघंही बसला शोभेचीच वस्तू समजतायत, फक्त एकाला ती शोभा हवीय आणि दुसऱ्याला ती परवडत नाहीये. माझं म्हणणं वेगळं आहे. जुन्या बस, ट्राम, ट्रॉलीबस जपल्याच पाहिजेत, पण थोड्या, निवडून, छपराखाली, जमेल तितक्या चालू हालतीत आणि कागदपत्रांसकट, कारण लोकांच्या पैशाने घेतलेल्या निर्णयांची ती नोंद आहे. आणि एवढं जमणार नसेल तर सरळ सांगतो, मी भंगारवाल्यांच्या बाजूने आहे.

नोंद कसली ते बघा. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मधे एक ट्रॉलीबस पण होती, डोक्यावरच्या तारांमधून वीज घेणारी, रबरी टायरवर चालणारी, रुळांची गरज नसलेली. ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ती सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ ला बंद केली गेली. म्हणजे ट्राम अजून चालू असतानाच शहराने विजेच्या बसचा प्रयोग केला, नऊ वर्षांत गुंडाळला, पूर्ण डिझेलवर गेलं, आणि मग फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेची डबल डेकर आली तेव्हा आपण अशा टाळ्या वाजवल्या की जणू ह्या रस्त्यांनी विजेवरचं वाहन पहिल्यांदाच बघितलं. ट्रॉलीबस का फसली? गाड्या सारख्या बंद पडायच्या असं सांगतात. बरं, बंद का पडायच्या? मोटर खराब होती, तारा खराब होत्या, पावसाळ्यात इन्सुलेशन टिकत नव्हतं, की सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते? आज विजेच्या बसवर सरकार आणि पालिका एवढा पैसा घालतायत तर ह्या प्रश्नाचं उत्तर कामाचं नाही का? एक ट्रॉलीबस, तिची दुरुस्तीची वही आणि वायरिंगचा नकाशा हे तिन्ही एका जागी असेल तर एखादा इंजिनिअर चार दिवसांत सांगेल नक्की काय झालं ते. नुसत्या "अरेरे, किती छान होती" मधून हे कळत नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा, पैसा. तो मला मान्य आहे आणि तो हलका नाहीये. बेस्ट वर्षानुवर्षं तोट्यात आहे, स्टॉपवर उभ्या माणसाला वारसा नको असतो, बस हवी असते, आणि त्याच्या तोंडावर "आम्ही जुनी बस रंगवतोय" म्हणणं हे खरंच उद्धटपणाचं आहे. पण हिशोब करताना एक गोष्ट विसरली जाते की गाडी ज्या दिवशी निवृत्त होते त्या दिवशी ती सगळ्यात स्वस्त असते. इंग्लंडमध्ये १९४८ च्या सुमारास साउथॅम्प्टनची ४५ नंबरची उघड्या टपाची ट्राम काही शौकीनांनी १० पौंडांना घेतली, त्यातूनच पुढे क्रिचचं राष्ट्रीय ट्राम म्युझियम उभं राहिलं. अमेरिकेत मेन राज्यात १९३९ साली काही पोरांनी एक उघडी ट्रॉली, म्हणजे तिथली ट्रामच, १५० डॉलरला घेतली, आज त्या जागी सीशोर ट्रॉली म्युझियम आहे. तेव्हा घेतलं नाही तर काय होतं ह्याचं उदाहरण पण अमेरिकेतलंच आहे. माँटगोमेरीत वर्णभेदाच्या काळात, १ डिसेंबर १९५५ ला, रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी ज्या बसमधल्या सीटवरून उठली नाही, ती २८५७ नंबरची जनरल मोटर्सची बस १९७१ मध्ये निवृत्त झाली, एका माणसाने घेतली आणि जवळपास तीस वर्षं शेतात उभी करून आत लाकडं आणि हत्यारं ठेवली. २००१ मध्ये हेन्री फोर्ड म्युझियमने ती ४ लाख ९२ हजार डॉलरला घेतली आणि वर दुरुस्तीला २ लाखांहून जास्त डॉलर लागले. भंगाराच्या भावात मिळाली असती ती गाडी.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काय प्रत्येक बस ठेवायची का, उद्या कुठली ऐतिहासिक ठरेल ते आज कोणाला माहीत? बरोबर प्रश्न आहे. माँटगोमेरीची बस त्या दिवशी सकाळपर्यंत चारचौघींसारखीच बस होती. पण ती हीच बस हे कशावरून ठरलं माहितीये? बस कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने त्या काळच्या बातम्यांची कात्रणं एका वहीत चिकटवून ठेवली होती आणि एका कात्रणाशेजारी ड्रायव्हरचं आडनाव आणि बसचा नंबर हाताने लिहिला होता. ती वही नसती तर शेतात एक गंजलेला पत्र्याचा डबा होता, बस. म्हणून गाड्या मोजक्या ठेवा, प्रत्येक प्रकारातली एक, फार तर दोन, पण कागद सगळ्यांचे ठेवा. कुठली गाडी कुठल्या डेपोत, कुठल्या रूटवर, कधी अपघात, कधी इंजिन बदललं. कागदाला पार्किंग लागत नाही. आणि आपल्याकडे बसच्या आधी हे रेकॉर्डच रद्दीत जातं, त्याबद्दल मात्र कोणी हार घेऊन येत नाही.

जागेचं म्हणाल तर त्यावर जगात उत्तरं निघालेली आहेत आणि ती काही राजेशाही नाहीत. न्यूयॉर्कचं ट्रान्झिट म्युझियम १९७६ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका बंद पडलेल्या भुयारी स्टेशनात सुरू झालं, तेही तात्पुरतं प्रदर्शन म्हणून, अजून चालूच आहे. लंडनच्या ट्रान्सपोर्ट म्युझियमचा मोठा साठा शहराच्या मधोमध नाहीये, ॲक्टनच्या शेडमध्ये आहे आणि ती शेड लोकांना वर्षातून मोजकेच दिवस उघडी असते. मुंबईत बेस्टचं म्युझियम आहे, १९८४ मध्ये कुर्ला डेपोत सुरू झालं, १९९३ मध्ये आणिक डेपोत हललं, तिकिटं, तिकीट मशिन, छोटी मॉडेल्स असं बरंच काही तिथे आहे आणि ज्यांनी ते जमवलं त्यांना माझा नमस्कार आहे. पण ते इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे, तिथे डबल डेकर काय लिफ्टने नेणार? डेपोंच्या जमिनी विकासाला द्यायच्या का हा वाद चालूच आहे, तो वेगळा विषय, पण एखाद्या डेपोचं कंत्राट करताना चार-पाच गाड्या मावतील एवढी बंद शेड बांधून द्या अशी एक अट घालायला काय जातं?

छपरावर मी एवढा का अडून बसलोय तेही सांगतो. आपल्याकडे जपणं म्हणजे चौकात चौथरा बांधून गाडी वर चढवणं असा एक समज आहे. लोखंडी जाळी, दोन दिवे, उद्घाटनाची पाटी. समुद्राची खारी हवा आणि मुंबईचा पाऊस पत्र्याच्या सांध्यांत शिरतो, आतून गंज धरतो, जुन्या बॉडीत लाकडी सांगाडा असेल तर तो कुजतो, टायर एकाच जागी दबून चिरतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी त्याच्यावर ऑइल पेंट फासून जातं म्हणून लांबून सगळं ठीक दिसतं. हे जपणं नाहीये, ही हप्त्याहप्त्याने भंगारात काढायची पद्धत आहे. मला तर सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत ट्रामची प्रतिकृती ठेवलीये ते जास्त प्रामाणिक वाटतं. ती भिजली तर पुन्हा करता येईल, कोणाची एकुलती एक ट्राम त्यात मरत नाही.

मग सगळीकडे प्रतिकृतीच ठेवा ना, असं इथे म्हणता येईल, आणि त्याच्याही पुढे जाऊन हल्ली ऐकू येणारा मुद्दा असा की फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, थ्रीडी स्कॅन करा, डेटा ठेवा, लोखंड कशाला? हा मुद्दा मला भावनिक उत्तर देऊन उडवायचा नाहीये. स्कॅन कराच, नक्की करा. पण प्रतिकृतीत तेवढंच असतं जेवढं बनवणाऱ्याला आधीपासून माहीत होतं, आणि फोटोत तेवढंच येतं जेवढं काढणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं. बसच्या फोटोत लाल रंग येतो, नंबर येतो, वरच्या मजल्याच्या पुढच्या खिडकीतली पोरं येतात. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच होती हे येत नाही, साडी नेसलेल्या, हातात पिशवी असलेल्या बाईला ती चढायला किती त्रास व्हायचा हे येत नाही, ड्रायव्हरच्या पायाशी इंजिनची किती धग लागायची, पॉवर स्टिअरिंग नसताना वळणावर किती ताकद लागायची, कंडक्टर दिवसातून कितीदा तो जिना चढायचा, हेही येत नाही. उद्या कोणाला बसकामगारांच्या गुडघ्यांवर आणि पाठीवर अभ्यास करायचा असेल तर त्याला ती बस लागेल, तिचं पोस्टर नाही. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात ट्रामचे रूळ सापडले तेव्हा सगळे हरखून बघायला लागले. आपण ते जपले नव्हते, आपण त्यांच्यावर डांबर ओतलं होतं आणि डांबराने ते जपले, एवढीच आपली कर्तबगारी.

कायद्याची गंमत तर ह्याहून मोठी आहे. केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, त्यात राज्य परिवहन उपक्रम पण आले, १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच जायला हव्यात. प्रदूषण आणि सुरक्षा बघता ह्या नियमाला माझा विरोध नाही, धूर ओकणारी बस रस्त्यावर नकोच. दुसरीकडे २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम आहेत, ते ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी, तेही खासगी वापराच्या. पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा साधारण १०० वर्षांवरच्या वस्तूंना लागतो. म्हणजे कोणा श्रीमंताच्या गॅरेजमधली मोटार ५० व्या वर्षी मानाने व्हिंटेज होणार, आणि ज्या बसमधून अख्खं शहर कामाला गेलं तिला १५ व्या वर्षी तोडायचंच, ५० ची झाली असती तरी त्या नियमात ती बसत नाही, आणि १०० ची होईपर्यंत तिचं काही उरणार नाही! कोणी दुष्टपणाने केलेलं नाहीये हे, कोणाच्या डोक्यातच बस आली नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे, इमारत उभी असते म्हणून ती दिसते, चालणारी वस्तू ह्या सगळ्या याद्यांच्या फटीतून निघून जाते. उपाय अवघड नाही. रस्त्यावर धावायची परवानगी काढून घ्या, पण लिलावाच्या आधी प्रत्येक प्रकारातली एक गाडी संग्रहालयासाठी बाजूला काढायची मुभा त्याच नियमात लिहा, कोणी तीन महिन्यांत मागितली नाही तर जाऊ दे भंगारात.

रेल्वेचं बघा म्हणजे हा दुजाभाव कळतो. १८५५ चं फेअरी क्वीन इंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावलं. पतियाळा संस्थानची वाफेची मोनोरेल १९२७ च्या सुमारास बंद पडली, १९६२ मध्ये भंगारात सापडली, अमृतसरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त झाली आणि दिल्लीच्या नॅशनल रेल म्युझियमच्या आवारात चालवली गेली. बऱ्याच मोठ्या स्टेशनांबाहेर एखादं इंजिन उभं असतं. बसच्या वाट्याला ह्यातलं काय आलं? १ जून १९४८ ला पुणे–नगर एसटी सुरू झाली, त्यानंतर ह्या राज्यात शाळा, बाजार, दवाखाना, कोर्टकचेरी, लग्न सगळं एसटीवर चाललं, किती मुली एसटी होती म्हणून तालुक्याच्या कॉलेजात जाऊ शकल्या. हे इतिहास नाहीये का? की इतिहास म्हणायला त्यातून वाफ निघावी लागते किंवा आत एखादा महाराजा बसलेला असावा लागतो? म्हणूनच मला डबल डेकरवाल्यांशी पण भांडायचंय. डबल डेकर देखणी होती, सिनेमात होती, तिची आठवण सगळ्यांना येते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तशा सुमारे ९०० होत्या असं सांगतात, पण तेव्हाही बहुतेक मुंबई साध्या एकमजली बसला लोंबकळूनच फिरत होती. त्या एकमजलीसाठी कोणी पत्र लिहीत नाही. म्युझियमला पाच गाड्यांची जागा असेल तर त्यात तीन अशा असाव्यात ज्यांच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं.

आपल्याच बाजूचं दुसरं खूळ म्हणजे जुन्या बसचं कॅफे करा, लायब्ररी करा, आर्ट गॅलरी करा. वाईट काही नाही त्यात, भंगारापेक्षा बरं, पण त्याला जतन म्हणू नका. सीटा उपटल्या, इंजिन काढलं, मधे टेबलं टाकली की उरतो तो बसच्या आकाराचा पत्रा. मेलबर्नने हे दोन वेगळे ढीग करून सोडवलं. तिथल्या जुन्या डब्ल्यू क्लास ट्रामपैकी काही शहराच्या सर्कल लाइनवर धावत राहिल्या, आणि २०१८ मध्ये साठवणीतल्या १३४ ट्राम लोकांना, संस्थांना देऊन टाकायला काढल्या, करा त्याचं काय करायचं ते. आधी निवडलं, मग उरलेलं सोडलं. आपल्याकडे सगळं सोडून झालं की मग शोधाशोध सुरू होते.

चालू ठेवण्याबद्दल मात्र खरी अडचण आहे आणि ती म्युझियमवाल्यांमध्येही भांडणाची आहे. गाडी चालवली की झिजते, झिजली की भाग बदलावे लागतात, बदलत गेलो की अस्सल किती उरलं? शिवाय जुन्या डिझाइनमध्ये काही गोष्टी सरळ वाईट होत्या. लंडनची रूटमास्टर डबल डेकर किती लाडकी, पण मागचा प्लॅटफॉर्म उघडा, व्हीलचेअरला जागा नाही, त्यामुळे डिसेंबर २००५ मध्ये नेहमीच्या सेवेतून तिला काढलं ते योग्यच होतं, पुढे हेरिटेज रूटवर ती काही वर्षं राहिली, १५ नंबरवर तर २०१९ पर्यंत. म्हणून "जुन्या बस परत रोजच्या रूटवर आणा" असं मी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९५ पासून एफ लाइनवर जुन्या ट्राम, त्यात मिलानच्या १९२८ च्या पण, रोजचे प्रवासी घेऊन धावतात, ते बघून हेवा वाटतो, पण तिथे मागे एक अख्खं वर्कशॉप उभं आहे. आपल्याला तेवढं नको. महिन्यातून एकदा आवारात इंजिन चालू करा, वर्षातून दोनदा एखाद्या रविवारी बाहेर काढा. एका गाडीच्या तेवढ्या धुराने कोणाचं काही बिघडत नाही, आणि एकाच प्रकारातली एक मूळ स्थितीत न हलवता, दुसरी चालवायला, असं केलं तर अस्सलपणाचा वादही बराचसा मिटतो. तिसरी भंगारात जाणारी असेल तिचा गिअरबॉक्स, ब्रेकचे भाग, काचा काढून ठेवा म्हणजे पुढची वीस वर्षं सुट्या भागांसाठी भीक मागायला नको.

चालू ठेवण्याचा खरा फायदा मात्र गाडीपेक्षा माणसांचा आहे. उभ्या गाडीला वॉचमन पुरतो, चालू गाडीला मेकॅनिक लागतो. जुन्या इंजिनचा आवाज ऐकून काय बिघडलंय सांगणारे मिस्त्री, लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवणारे बॉडी बिल्डर, दोरी ओढून घंटा देणारे कंडक्टर, हे सगळे एकेक करत निवृत्त होतायत आणि त्यांच्याबरोबर जे जातंय ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. गाडी सुरू व्हायलाच हवी अशी अट असेल तर कोणाला तरी दोन तरुण पोरं हाताखाली देऊन शिकवावं लागेल. कोलकात्यात सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने ट्राम मैदान–एस्प्लनेडच्या हेरिटेज तुकड्यापुरती ठेवायचं जाहीर केलं. तिथे २०१४ पासून १९३८ च्या एका ट्राममध्ये छोटं म्युझियम आहे, छान आहे. पण रोजच्या ट्राम नसतील तर ट्राम दुरुस्त करणारा हात कुठून येणार, ह्याचं उत्तर म्युझियमच्या काचेच्या कपाटात नाही.

आणि हे सगळं जुन्याबद्दल झालं. नव्याचं काय? बेस्टच्या विजेच्या डबल डेकर बेस्टच्या मालकीच्या नाहीतच, वेट लीजवर आहेत, म्हणजे गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार. कंत्राट संपलं की गाडी कंपनी घेऊन जाणार, बॅटरी पण त्यांची, गाडी चालवणारं सॉफ्टवेअर पण त्यांचं, बिघाडाच्या नोंदी पण त्यांच्याच सर्व्हरवर. जुनी डबल डेकर निदान आपली होती, जपायची की नाही ह्यावर आपण भांडू तरी शकलो. पुढच्या वेळी भांडायला गाडीच नसेल. ज्यांना खरंच जतन हवंय त्यांनी जुन्या बसला हार घालण्याबरोबर पुढच्या टेंडरचा मसुदा मागवावा आणि त्यात एवढं लिहून घ्यावं, की कंत्राट संपताना प्रत्येक मॉडेलची एक गाडी, तिचे नकाशे, सॉफ्टवेअरची चालणारी प्रत आणि दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी बेस्टला फुकट द्यायच्या. आत्ता मागितलं तर कंपनी देईलही, गाड्या विकायच्या आहेत त्यांना.